वस्तीची गाडी

पहाटे साडेपाचला मारुती मंदिरचा सर्कल
अजून दुधाच्या क्रेटांचा असतो.
तिथून वळलो की रत्नागिरी हळूहळू सुटत जाते.
आधी दवाखाने, मग प्लॉट विकणे आहेच्या पाट्या,
मग शेवटचा स्पीडब्रेकर,
जो मी एकोणतीस वर्षं शिव्या देत ओलांडला.
आता देत नाही. सायकल त्याच्यावरून
होडीसारखी वर जाते, खाली येते.

नवा रस्ता झाला आणि सगळ्या गाड्या
तिकडून पळायला लागल्या.
हा जुना, आंबेकोंडला उतरणारा,
कुणी मोडला नाही, कुणी विचारलाही नाही.
डांबराच्या भेगांतून हरळी वर आली,
कडेची करवंदं आत सरकली,
मैलाच्या दगडावर शेवाळ. बोटाने खरवडलं तर
खाली आंबेकोंड ११.
अजून ११च.

याच रस्त्यावर मी वस्तीची गाडी चालवली.
संध्याकाळी सहाला इथून, सकाळी सहाला तिथून.
वळणं मला गिअरनं पाठ:
आवळीचं दुसरा, मोरीचं पहिला,
गुरवांच्या घराकडे हॉर्न,
कारण त्यांचा पाडा नेमका आडवा बसायचा.
पण मोरीखाली पाणी असतं
आणि ते बोलतं,
हे कळायला अठ्ठावन्नावं वर्ष उजाडलं,
डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला,
मुलीने ही सायकल घेऊन दिली, तेव्हा.

एवढी वर्षं इंजिन एकटंच बोलून घेत होतं.
आता चेन कुरकुरते.
पानं चुरडतात.
ऐनावरून धनेश उठतो आणि त्याचे पंख
थेट एअर ब्रेक सोडल्यासारखे, फुस्स, फुस्स.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी
वळून मागे बघितलं, कुठली गाडी लागली म्हणून.

इस्माईल होडेकर, माझा कंडक्टर, म्हणायचा,
सोनूभाऊ, एकदा बंद करून उतारावर सोडा ना,
बघू तरी काय ऐकू येतं.
मी म्हणायचो, डेपोत साहेब ऐकू येईल.
तो गेला. रमजानच्या आदल्या आठवड्यात.
उतार लागला की मी पॅडल मारायचं थांबवतो,
मागच्या कॅरिअरवर कुणी नसतं,
तरी जरा पुढे सरकून बसतो.

आज मोरीच्या पुढे रस्ता संपला
आणि भात सुरू झालं.
या कडेपासून त्या कडेपर्यंत वाळत घातलेलं, पिवळं,
मधे शेवंती गोताड, पायाने भात परतत.
मी ओळखलं.
एका सकाळी, गाडीला बारा मिनिटं उशीर होता,
मी हिच्या भातावरून गेलो होतो.
आरशात ती दिसली होती, हातात दगड,
मारला नव्हता. नुसता धरलेला.

उतरलो. कडेला पाय टेकायला जागा नाही,
सायकल खांद्यावर घेतली.

कुटं चाल्लास?
आंबेकोंड.
तिने डोळ्यांवर हात धरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
वस्तीची गाडी तूच ना रे?
हो.
मग आज हॉर्न नाय मारलास तो?

काय बोलणार. मी घंटी वाजवली.
ह्यानं? ती म्हणाली,
ह्यानं तर माजा कोंबडा पन हलायचा नाय.
आणि पायानेच भात सारत
तिने वाट काढली,
एका चाकापुरती, सरळ नाही,
मधेच तिच्या चपलांना वळसा घालून जाणारी.

परतताना ऊन वर आलं होतं.
ती नव्हती, चपला नव्हत्या, वाट होती.
जपून आलो, तरी एक दाणा
टायरच्या खाचेत बसला असावा,
मडगार्डला लागून टिक, टिक,
पाट्या लागल्या, दवाखाना दिसू लागला तरी टिक.

स्पीडब्रेकरवर तो पडला.
थांबून शोधला थोडा वेळ.
मागून एक टेम्पो हॉर्न देत होता.